बर्फासारखा की तुपासारखा? : डीएनएच्या वितळण्याचा इतिहास

बर्फाच्या चुऱ्यात तापमापी खोचून भांडे मंद आचेवर ठेवले, तर सगळे बर्फ वितळेपर्यंत पारा शून्य अंशावरच थांबून राहतो. हा प्रयोग आपण सर्वांनी वर्गात केलेला, निदान शिकवलेला तरी असतो. थिजलेल्या तुपाचे तसे नसते. थंडीच्या दिवसांत बरणीत घट्ट झालेले तूप उन्हात ठेवले, की ते आधी कडेने सुटते, मग मऊ पडते आणि शेवटी पातळ होते. ते नेमके किती अंशाला वितळले, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कारण तूप हा एक पदार्थ नाही. निरनिराळ्या द्रवणांकांच्या स्निग्ध पदार्थांचे ते मिश्रण आहे.

पाण्यात विरघळलेला डीएनए तापवत नेला, तर साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास त्याचे दोन धागे एकमेकांपासून सुटतात. शास्त्रज्ञ याला डीएनएचे ‘वितळणे’ म्हणतात. वास्तविक इथे घन आणि द्रव असे काही नसते. डीएनए आधीपासूनच द्रावणात असतो आणि सुटल्यावरही प्रत्येक धागा अखंड राहतो. तुटतात ते दोन धाग्यांमधले दुवे. मग ‘वितळणे’ हा शब्द केवळ सोयीपुरता आहे, की बर्फाच्या वितळण्याशी त्याचे खरोखर काही नाते आहे? आणि नाते असेल, तर हे वितळणे बर्फासारखे एकदम घडते की तुपासारखे हळूहळू? १९६० पासून पुढे जवळजवळ अर्धे शतक भौतिकशास्त्रज्ञ या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देत आले. या वादाचा सारा भार अखेर एका घातांकावर येऊन पडला. हा घातांक दोनपेक्षा लहान आहे की मोठा, एवढाच प्रश्न उरला.

वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली मांडलेली रचना आपल्या परिचयाची आहे. दोन धागे एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले. आत बेसच्या जोड्या, अ‍ॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध, दुसरीत तीन. पाठ्यपुस्तक इथेच थांबते, पण आपल्या विषयासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या जोड्या नाण्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक सपाट रचलेल्या असतात, आणि वरच्या-खालच्या जोड्यांमधील या आकर्षणाचा डीएनएच्या स्थैर्यात फार मोठा वाटा असतो. दुहेरी धागा टिकतो तो केवळ समोरासमोरच्या बंधांमुळे नव्हे, शेजाऱ्यांच्या आधारामुळेही.

ही चवड मोडली की कळते कसे? बेस अतिनील किरण शोषतात, विशेषतः २६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे. चवडीत बसलेले बेस हे किरण कमी शोषतात आणि सुटे झालेले जास्त. दोन्ही धागे पूर्ण सुटले की शोषण सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. म्हणजे द्रावण तापवत जायचे आणि वर्णपटमापीवर शोषण मोजत राहायचे. बराच काळ काहीच होत नाही, मग काही थोड्या अंशांत आलेख झपाट्याने चढतो आणि पुन्हा आडवा होतो. या चढाच्या मध्यबिंदूचे तापमान म्हणजे डीएनएचा द्रवणांक.

या मोजमापांना शिस्त लावली ती हार्वर्ड विद्यापीठातील पॉल डॉटी आणि ज्युलियस मार्मर यांनी. निरनिराळ्या सजीवांचे डीएनए वेगवेगळ्या तापमानांना वितळतात आणि त्या फरकामागे ग्वानीन-सायटोसीन जोड्यांचे प्रमाण असते, हे त्यांनी १९५९ साली दाखवले. १९६२ साली त्यांनी दिलेले सूत्र अगदी साधे आहे. या जोड्यांच्या टक्केवारीला ०.४१ ने गुणा आणि त्यात ६९.३ मिळवा, आलेली संख्या म्हणजे द्रवणांक, सेल्सिअस अंशांत. माणसाच्या डीएनएत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के आहे, म्हणजे द्रवणांक ८६ च्या आसपास. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूत ते ५१ टक्के आहे, म्हणून ९० च्या थोडे वर. हे आकडे ठराविक क्षारतेच्या द्रावणासाठी आहेत. धाग्यांच्या कण्यावरील फॉस्फेट गटांवर ऋण भार असल्यामुळे दोन्ही धागे एकमेकांना दूर ढकलतात. द्रावणातील सोडियमचे आयन ही ढकलाढकली झाकून टाकतात. सोडियम दसपटीने कमी केले, तर द्रवणांक सुमारे १६-१७ अंशांनी खाली येतो.

सुटलेले धागे पुन्हा जुळतात का? आज हा प्रश्न कोणाला पडत नाही, पण त्या काळी उत्तर ‘नाही’ असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. मुळात हजारो वेढे असलेला पीळ उलगडतोच कसा, अशी शंका माक्स डेलब्रुक यांच्यासारख्या दिग्गजाने १९५४ साली जाहीरपणे घेतली होती. उलगडलेले लाखो बेस आपापला जुना जोडीदार पुन्हा शोधून काढतील, हे तर त्याहून अवघड वाटत होते. १९६० साली मार्मर आणि त्यांच्या सहकारी डोरोथी लेन यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूचा डीएनए वितळवला. एका जिवाणूचा गुणधर्म दुसऱ्यात नेण्याची जी शक्ती या डीएनएत असते, ती तापवल्यावर जवळजवळ नाहीशी झाली. द्रावण झटकन थंड केले, तर ती गेलेलीच राहिली. परंतु सावकाश थंड होऊ दिल्यावर ती बऱ्याच अंशी परत आली! धागे जुळले होते, आणि बरोबर जागी जुळले होते. पुढे या जुळण्याचा वेग मोजून कोणत्या सजीवाच्या डीएनएत पुनरावृत्ती किती, हे शोधण्याची पद्धत निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर यांच्या गटाने तिचा उपयोग वनस्पतींचे डीएनए अभ्यासण्यासाठी केला. करोनाच्या साथीत घराघरांत पोचलेल्या पीसीआर चाचणीतही दर फेरीला डीएनए सुमारे ९५ अंशांवर वितळवतात आणि मग धागे जुळू देतात.

आता मूळ प्रश्नाकडे. आलेखाचा तो चढ इतका उभा का? एकेक जोडी स्वतंत्रपणे सुटत असती, तर हे काम कितीतरी मोठ्या तापमान-पट्ट्यात रेंगाळले असते. चढ उभा आहे, कारण जोड्या एकट्या-दुकट्याने सुटत नाहीत. चवडीच्या मधली जोडी उघडायची तर तिला दोन्ही बाजूंचे शेजारी धरून ठेवतात. म्हणून पहिली जोडी उघडणे महाग पडते. ती एकदा उघडली, की तिच्या लगतची उघडणे त्या मानाने स्वस्त. सुरुवात दुर्मीळ, पण सुरू झाले की सलग. शिवणीचा एक टाका उसवला की पुढचे पटापट उसवतात, तसे.

याचा हिशेब मांडायचा, तर काय हवे? एका ओळीत मांडलेल्या असंख्य वस्तू, प्रत्येकीच्या दोनच अवस्था (जुळलेली किंवा सुटी), आणि प्रत्येकीवर फक्त शेजाऱ्यांचा प्रभाव. असा हिशेब भौतिकशास्त्राच्या दप्तरात १९२५ पासून पडून होता. त्याच्या कर्त्याची कथा शिक्षकांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

हांबुर्ग विद्यापीठात विल्हेल्म लेन्झ यांनी आपला विद्यार्थी अर्न्स्ट ईझिंग (आपल्याकडे ‘आयझिंग’ हा उच्चार रूढ आहे) याला एक प्रश्न दिला. लोखंडातील अणू म्हणजे छोटे छोटे चुंबक. प्रत्येकाचे तोंड वर किंवा खाली. शेजाऱ्याचे तोंड असेल तिकडे आपलेही वळवण्याची प्रत्येकाची प्रवृत्ती. तापमान कमी केले, तर सगळे आपोआप एका दिशेला वळतील का? ईझिंगने अणूंची एकच ओळ घेऊन गणित पूर्ण सोडवले आणि उत्तर आले, नाही. शून्याहून वरच्या कोणत्याही तापमानाला अशी ओळ चुंबक बनत नाही. खऱ्या, त्रिमितीतल्या लोखंडातही तसेच होईल असा चुकीचा निष्कर्ष काढून त्याने विषय मिटवला. पुढे तो शाळामास्तर झाला. ज्यू असल्याने १९३३ मध्ये त्याची सरकारी शाळेतील नोकरी गेली. पोट्सडामजवळच्या कापुट गावी ज्यू मुलांच्या निवासी शाळेत तो शिकवू लागला; नोव्हेंबर १९३८ मध्ये तीही उद्ध्वस्त झाली. लक्झेंबर्गमध्ये आसरा घेऊन त्याने मेंढ्या राखल्या, रेल्वेच्या रुळांवर मजुरी केली. १९४७ साली तो अमेरिकेत पोचला आणि नंतर इलिनॉय राज्यातील ब्रॅडली विद्यापीठात १९७६ पर्यंत अध्यापन करीत राहिला. मधल्या काळात लार्स ऑन्सागर यांनी हेच मॉडेल दोन मितींत सोडवून तिथे खरेखुरे अवस्थांतर घडते असे १९४४ मध्ये दाखवले होते, आणि ‘ईझिंग मॉडेल’ हा परवलीचा शब्द झाला होता. स्वतः ईझिंगला याचा पत्ता लागला तो १९४९ साली! १९९८ मध्ये तो वारला. आज त्याच्या नावाशिवाय सांख्यिकीय भौतिकीचे पुस्तक सापडणार नाही.

एका ओळीत अवस्थांतर का होत नाही, हे गणिताशिवायही समजते. मुलांची एक लांबच लांब रांग हात धरून उभी आहे असे समजा. कुठेतरी एक हात सोडायला ठराविक ऊर्जा लागते. पण हात कुठे सोडायचा, याचे पर्याय रांगेच्या लांबीइतके आहेत. पर्याय वाढले की एन्ट्रॉपी वाढते, ती लांबीच्या लॉगरिदमच्या प्रमाणात. किंमत ठरलेली आणि फायदा लांबीबरोबर वाढता. तेव्हा पुरेशा लांब रांगेत कुठे ना कुठे हात सुटणारच. सुव्यवस्था अखंड टिकू शकत नाही, म्हणून ती ‘एका क्षणी मोडली’ असेही म्हणता येत नाही. बदल होतो, पण सावकाश. पाट्याची धार असू शकते, सुरीची नाही.

आणि डीएनए ही तर एक ओळच! जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत ब्रुनो झिम आणि जे. के. ब्रॅग (क्ष-किरणवाले ब्रॅग हे नव्हेत) यांनी १९५९ मध्ये प्रथिनांच्या मळसूत्राला ईझिंगचा हिशेब लावला होता. तोच सरळ डीएनएला लावला असता, तर उत्तर ‘तुपासारखा’ असे येऊन विषय संपला असता. पण १९६० मध्ये झिम यांनीच डीएनएचा हिशेब मांडताना एक फरक ओळखला. प्रथिनाची साखळी एकेरी असते. डीएनए दुहेरी आहे. त्याचा मधलाच भाग सुटला, तर दोन सुटे धागे एकाच जागेपासून निघतात आणि पुढे पुन्हा एकाच जागी येऊन मिळतात. मध्ये एक बुडबुडा तयार होतो.

बुडबुड्याने काय बिघडते? सुट्या धाग्याला वाटेल तसे वळता येते, हेच त्याचे सुख. ते सुख म्हणजेच एन्ट्रॉपी. परंतु बुडबुड्यातल्या धाग्यांवर एक बंधन आहे: दोन्ही टोके भेटली पाहिजेत. दारुड्याची चाल आठवा. दारुडा पाऊल टाकील त्या दिशेला जातो. ‘ल’ पावलांनंतर तो नेमका निघाल्या जागी असण्याची शक्यता किती? एका सरळ रस्त्यावर ती ल च्या वर्गमुळाने कमी होते, मैदानावर ल च्या पटीत, आणि तिन्ही दिशांना भटकण्याची मुभा असेल, तर ल च्या दीड घाताने. बुडबुडा जितका लांब, तितकी टोके भेटणे दुरापास्त. म्हणजे इथे तुटण्याची किंमत ठरलेली राहत नाही; ती लांबीच्या लॉगरिदमप्रमाणे वाढते. रांगेतल्या मुलांच्या उदाहरणात फायदा लॉगरिदमने वाढत होता. आता किंमतही लॉगरिदमने वाढू लागली. दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या आणि ‘एका ओळीत अवस्थांतर नाही’ हा नियम डीएनएला बांधून ठेवीनासा झाला. तो नियम फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील प्रभावापुरता होता. बुडबुड्याची दोन टोके कितीही दूर असली, तरी एकमेकांशी बांधलेली असतात.

मग अवस्थांतर होते का, आणि कसे? याचे पूर्ण गणित अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डग्लस पोलंड आणि हॅरॉल्ड शेरागा यांनी १९६६ साली मांडले. त्याचा गाभा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल इतका सोपा आहे. तेव्हा थोडे थांबून तो पाहू.

बुडबुडा बंद होण्याची शक्यता ल च्या ज्या घाताने कमी होते, त्या घातांकाला ‘क’ म्हणू. द्रवणांकाच्या खाली जुळून राहण्यात फायदा असल्याने लांब बुडबुड्यांवर आणखी एक लगाम असतो. तापमान वाढेल तसा हा लगाम सैल होतो. तो पूर्ण सुटेल त्या उंबरठ्यावर फक्त घाताचा नियम उरतो. तिथे सर्व लांबींच्या बुडबुड्यांची बेरीज करायची: एक, अधिक एक भागिले दोनचा क-वा घात, अधिक एक भागिले तीनचा क-वा घात, असे अनंतापर्यंत. क एक असेल, तर ही आपली ओळखीची हरात्मक श्रेणी. तिची बेरीज फार मंद वाढते (पहिल्या हजार पदांची साडेसातच्या आसपास, दहा लाख पदांची सुमारे १४.४), पण ती कधीच थांबत नाही. बेरजेला मर्यादा नसल्यामुळे साखळीला बुडबुड्यांतच हवे तितके स्वातंत्र्य मिळते आणि धागे पूर्ण सुटे होण्याची वेळच येत नाही. खरे अवस्थांतर नाही. क एकाहून मोठा असेल, तर बेरीज थांबते. दीडसाठी ती सुमारे २.६१ भरते. त्यापलीकडे साखळीला बुडबुडे पुरेनासे होतात आणि विशिष्ट तापमानाला धागे पूर्णपणे सुटतात. अवस्थांतर आले!

पण ते एकदम की हळूहळू? त्यासाठी उंबरठ्यावर बुडबुड्याची सरासरी लांबी काढावी लागते. सरासरीसाठी प्रत्येक पद लांबीने गुणायचे, म्हणजे घातांक एकाने घटतो. क दीड असताना आता बेरीज करायची ती वर्गमुळांच्या व्यस्तांची. ती मात्र फुगत जाते: दहा हजार पदांनंतर सुमारे १९८, दहा लाख पदांनंतर सुमारे १,९९८. सरासरी बुडबुडा अनंत लांब! याचा अर्थ असा, की द्रवणांक जवळ येईल तसे बुडबुडे मोठमोठे होत जातात, जुळलेला भाग कमी कमी होत शून्याला टेकतो, आणि मग धागे सुटतात. कुठेही उडी नाही. याउलट क दोनाहून मोठा असेल, तर ही दुसरी बेरीजही थांबते. उंबरठ्यावरही बुडबुडे बेताचेच असतात, साखळीचा मोठा हिस्सा अजून जुळलेला असतो, आणि त्याच अवस्थेतून ती एकदम फाटते. बर्फासारखी. एकाच्या आत काहीच नाही. एक ते दोन, सावकाश. दोनाच्या वर, एकदम.

दारुड्याच्या चालीतून क दीड येतो, म्हणून निकाल लागला: सावकाश. पण दारुडा आपल्याच पावलांवरून पुन्हा चालू शकतो. डीएनएचा धागा स्वतःतून आरपार जाऊ शकत नाही. तो जागा अडवतो. ही त्रुटी भरून काढली मायकेल फिशर यांनी, तीही १९६६ सालीच. लंडनहून ते त्याच वर्षी कॉर्नेलला आले होते. स्वतःला टाळत जाणाऱ्या धाग्याची टोके भेटणे आणखी अवघड असते, म्हणून क वाढतो. त्यांच्या हिशेबाने तो दीडवरून पावणेदोनच्या थोडा वर गेला. दोनापर्यंत पोचला नाही. निकाल कायम राहिला, फक्त वितळणे जरा अधिक धारदार झाले.

इथे एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. प्रयोगशाळेतले डीएनए दिवसेंदिवस अधिकच धारदार वितळताना दिसू लागले होते. १९६६ मध्येच रॉस इनमन यांनी लॅम्डा या विषाणूच्या अर्धवट वितळलेल्या डीएनएची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्रे घेतली. बुडबुडे डोळ्यांना दिसले, आणि ते प्रत्येक रेणूत ठराविक जागीच होते. १९७० नंतरच्या दशकात तोक्योत अकियोशी वाडा, मॉस्कोत लाझुर्किन आणि फ्रांक-कामेनेत्स्की यांच्या गटांनी तापमान अगदी बारीक पायऱ्यांनी वाढवत मोजमापे केली. तेव्हा एकसंध दिसणारा चढ प्रत्यक्षात अनेक छोट्या उड्यांचा बनलेला आहे असे आढळले. काही शे जोड्यांचा एकेक पट्टा सुमारे अर्ध्या अंशाच्या आत सुटतो; अ‍ॅडेनीन-थायमीन जास्त असलेले पट्टे आधी, ग्वानीन-सायटोसीन जास्त असलेले शेवटी. उड्या तर आहेत, आणि सिद्धान्त म्हणतो उडी नाही!

हा विरोध कोणाला फारसा टोचला नाही, याचे मला नवल वाटत आले आहे. एक कारण व्यवहाराचे. पोलंड-शेरागा मॉडेलात क पावणेदोन घ्यायचा, पहिली जोडी उघडण्याची किंमत हवी तशी बसवून घ्यायची, की संगणकाने काढलेला आलेख मोजलेल्या आलेखावर चपखल बसे. दुसरे कारण सैद्धान्तिक. ज्यांना एकदम घडणारे अवस्थांतर हवे होते, त्यांनी वेगळी वाट धरली. मिशेल पेरार्ड आणि अ‍ॅलन बिशप यांनी १९८९ मध्ये जोड्यांना स्प्रिंगसारखे मानून मॉडेल बांधले. शेजारच्या जोड्या सुटल्या की चवडीचा ताठरपणा कमी होतो हे त्यात १९९३ मध्ये घातले गेले, तेव्हा वितळणे खूपच धारदार झाले.

दरम्यान धागे सोडवण्याची आणखी एक तऱ्हा हाती आली होती. १९९७ साली पॅरिसमध्ये एस्सेवाझ-रूले, बोकेलमान आणि एस्लो यांनी लॅम्डा डीएनएची दोन टोके धरून दोन्ही धागे ओढून वेगळे केले. त्यासाठी १० ते १५ पिकोन्यूटन बल लागले. बल कमी असेल तर काहीच होत नाही आणि एका मर्यादेपलीकडे गेले की धागे उसवतच जातात, हेही एक अवस्थांतरच आहे, असे भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेतील सोमेंद्र भट्टाचार्जी यांनी १९९९-२००० मध्ये गणिताने मांडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. एल. सेबास्टियन यांनीही २००० साली याच ओढण्याचा सिद्धान्त दिला. या कामांमुळे डीएनएच्या वितळण्याकडे भौतिकशास्त्रज्ञांचे लक्ष नव्याने वळले.

त्याच २००० साली इस्राएलच्या वाइझमान संस्थेतील यारिव्ह काफ्री व डेव्हिड मुकामेल आणि नेपल्सचे लुका पेलिटी यांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. फिशर यांनी बुडबुडा स्वतःला टाळतो हे धरले होते, पण तो एकटाच अवकाशात तरंगतो आहे असे मानले होते. प्रत्यक्षात त्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक साखळी असते आणि बुडबुड्याला तीही टाळावी लागते. ही गर्दी हिशेबात घेतली, तर टोके भेटणे आणखी कठीण होते. बर्ट्रांड दुप्लांतिए यांनी १९८० नंतरच्या दशकात फाटे फुटलेल्या साखळ्यांसाठी जे गणित तयार केले होते, ते इथे तयार मिळाले. क निघाला सुमारे २.११. दोनाची वेस ओलांडली गेली होती! कौझो, कोलुझी आणि ग्रासबर्गर यांनी त्याच वर्षी संगणकावर स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगातही वितळणे एकदमच घडले. चौतीस वर्षे ‘सावकाश’ असलेले उत्तर ‘एकदम’ झाले.

आक्षेप आलेच. दुहेरी धागा चांगलाच ताठ असतो; सुमारे दीडशे जोड्यांच्या अंतरात तो फारसा वाकत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंची साखळी मऊ, लवचीक मानून काढलेला घातांक खऱ्या डीएनएला लागू होण्यासाठी साखळी अतिशय लांब हवी, असे हांके आणि मेट्झलर यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी ब्लॉसी आणि कार्लन यांनी जुन्या संगणकी हिशेबात नवा घातांक घालून पाहिला. पहिली जोडी उघडण्याचा गुणक दसपटीने वाढवला, की आलेख पुन्हा पूर्वीसारखेच बसले. म्हणजे पावणेदोन खरे की दोनाहून थोडे अधिक खरे, याचा निवाडा हे आलेख करूच शकत नव्हते.

मग प्रयोगात दिसणाऱ्या त्या उड्या कशाच्या? माझ्या मते घोटाळा इथेच होता. दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव पडले होते. अर्ध्या अंशात एक पट्टा सुटतो तो चवडीच्या शेजारधर्मामुळे, आणि ते क काहीही असला तरी घडते. सिद्धान्तातली उडी ही निराळी: सर्व जोड्या एकसारख्या असलेल्या अनंत लांबीच्या साखळीची. आणि खरा डीएनए एकसारख्या जोड्यांचा कधीच नसतो. २००६ साली गियांबात्तिस्ता जाकोमिन आणि फाबियो तोनिनेल्ली या गणितज्ञांनी या वर्गातील मॉडेलांसाठी एक प्रमेय सिद्ध केले. साखळीत निरनिराळ्या ताकदीच्या जोड्या यदृच्छेने मिसळलेल्या असतील, तर क कितीही मोठा असला, तरी अवस्थांतरात उडी उरत नाही. मिश्रणाने धार बोथट होते. तुपाचेही कारण तेच आहे.

अर्थात हे प्रमेय अनंत साखळीचे. माणसाच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी जोड्या आहेत आणि लॅम्डा विषाणूत ४८,५०२. या लांबीला पट्ट्यापट्ट्यांच्या उड्या स्पष्ट दिसतात. पीसीआरमध्ये वाढवलेला शे-दीडशे जोड्यांचा तुकडा तर बहुधा एकाच टप्प्यात सुटतो. चाचणीच्या शेवटी तो तुकडा सावकाश तापवून त्याचा द्रवणांक यंत्रावर पाहतात आणि हवा तोच तुकडा वाढला आहे ना, याची खात्री करून घेतात. त्या कामात क दोनाच्या अलीकडे आहे की पलीकडे, याची विचारपूस करावी लागत नाही.